आजीच्या ओव्या आणि ५० हर्ट्झ

आधी एक कबुली. मी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. सिग्नल-टू-नॉइज रेशोची व्याख्या व्हायवामध्ये न अडखळता सांगितली, मार्कही बरे पडले. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत दर्यापूरला घरी जाऊन आजीच्या जात्यावरच्या ओव्या लॅपटॉपवर रेकॉर्ड केल्या, तर पाऊण तासाच्या फाइलमध्ये नॉइज सगळा आला आणि सिग्नल तेवढा फाटून आला!

आजीचं वय ब्याऐंशी. जातं माळ्यावर पडून होतं. ते खाली काढलं, धुतलं, खुंटा ठोकला. आजी बसली आणि जी सुरू झाली ती थांबेचना. मी खाटेवर लॅपटॉप घेऊन बसलेलो, बाजूला दीडशे रुपयांचा कॉलर माइक ठेवलेला. वाटलं, काम फत्ते. संध्याकाळी फाइल लावली तर खाली अखंड भोंऽऽ असा आवाज, आणि आजीनं जिथे जिथे सूर उंच नेला तिथे फाटक्या भोंग्यासारखा खरखराट. आजी दोन मिनिटं ऐकून म्हणाली, "हे कोन बाई भांडून रायली रे?"

मला हसू आलं, पण पोटात गोळाही आला. कारण आजीला आता धाप लागते. पाऊण तास गाणं तिला रोज रोज जमणारं नाही. शेंडगावचे गाडगेबाबा आपल्याच भागातले. त्यांचं ८ नोव्हेंबर १९५६ चं मुंबईत वांद्र्याला झालेलं कीर्तन रेकॉर्ड झालं म्हणून आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकता येतो, आणि २० डिसेंबर १९५६ ला, म्हणजे दीड महिन्याच्या आत, बाबा गेले. त्या दिवशी कुणी लेव्हल चुकवली असती तर? दुसरा टेक मिळालाच नसता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही तसंच आहे. म्हणून हा लेख. माझं काय काय चुकलं, का चुकलं आणि दुसऱ्या खेपेला काय केलं, ते सगळं सांगतो. ज्यांना गॅदरिंगच्या नाटकाचं पार्श्वसंगीत किंवा प्रोजेक्टच्या व्हिडिओचं निवेदन रेकॉर्ड करायचं आहे त्यांनाही हेच लागू आहे.

पहिल्यांदा लेव्हल. नॉइजचं कितीही वाईट वाटलं तरी खरा घात लेव्हलनेच होतो.

कॉम्प्युटरमधला ए-टू-डी कन्व्हर्टर आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४१०० वेळा घेतो आणि प्रत्येक वेळी एक आकडा लिहितो. १६ बिटमध्ये हा आकडा उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ एवढाच असू शकतो. आवाज त्याच्या वर गेला तर? कन्व्हर्टर बिचारा ३२७६७ च लिहीत राहतो. पायलीत मावेल तेवढीच ज्वारी मावते. वरून ओतत राहिलात तर ती सांडते, आणि नंतर पायली कितीही हलवली तरी सांडलेली ज्वारी आत येत नाही. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला की टेकड्यांचे माथे विळ्याने कापल्यासारखे सपाट दिसतात. यालाच क्लिपिंग म्हणायचं. गोल माथ्याच्या जागी सपाट माथा आला की मूळ सुरात नव्हते असे वरचे हार्मोनिक्स तयार होतात. आजी भांडल्यासारखी वाटली ती त्यामुळे.

आता इथे सगळे करतात ती चूक मीही केली. म्हटलं, फाइल नंतर हळू करू. अरे बाबा, नंतर आवाज कमी केला तर फाटलेला आवाज हळू ऐकू येतो, एवढंच! सपाट माथा खाली सरकतो, गोल होत नाही.

पण लेव्हल एवढी चढलीच कशी? मी टेस्ट घेतली होती की! आजीला म्हटलं, काहीतरी बोल. आजी हळू आवाजात म्हणाली, "काय बोलू बाप्पा?" लाइन जेमतेम हलली. मी लगेच कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन मायक्रोफोन बूस्ट ३० डीबीवर नेला. ३० डीबी म्हणजे व्होल्टेज साधारण ३२ पट. बोलणं छान दिसायला लागलं. मग ती गायला लागली, आणि गाणारी आजी ही बोलणाऱ्या आजीपेक्षा फार वेगळी बाई आहे हे मला माहीत नव्हतं. तेव्हा लेव्हल लावायची ती बोलण्यावर नाही, तर सगळ्यात जोरात काय येणार आहे त्यावर. सगळ्यात वरची ओवी एकदा म्हणायला लावा, नाटक असेल तर सगळ्यात आरडाओरड्याचा संवाद घ्या, आणि त्या वेळी मीटर उणे १२ डीबीच्या आसपास राहील असं बघा. माणूस टेस्टमध्ये लाजतो आणि खऱ्या वेळी रंगात येतो, म्हणून वर एवढी जागा मोकळी हवीच.

कुणी म्हणेल, १२ डीबी वाया घालवायचे? हिशोब करू. एक बिट म्हणजे साधारण ६ डीबी. १६ बिटचे झाले ९६. त्यातले १२ सोडले तरी ८४ उरतात. दर्यापुरातल्या भर वस्तीतल्या घरात, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारचा टीव्ही चालू असताना, आवाज आणि खोलीची गुणगुण यात ४० डीबीचं अंतर मिळालं तरी पुष्कळ झालं. म्हणजे आपली अडचण बिटांची कधीच नसते. साउंड कार्ड २४ बिट देत असेल तर बिनधास्त आणखी खाली रेकॉर्ड करा. मात्र सॉफ्टवेअरमध्ये ३२ बिट फ्लोट लिहिलेलं दिसलं की आता फाटणार नाही असं समजू नका. फाटाफाट आधीच, माइकच्या अँप्लिफायरमध्ये किंवा कन्व्हर्टरमध्ये होते. सॉफ्टवेअरला ती फाटकीच मिळते.

याची एक सोपी परीक्षा आहे. माइकसमोर जोरात टाळी वाजवा. टाळीचा माथा जर पूर्ण उंचीला जाऊन सपाट झाला, तर कन्व्हर्टर भरला. पण तो अर्ध्याच उंचीवर सपाट दिसला, तर गडबड त्याच्याही आधी आहे आणि तुम्ही खालचा कुठला तरी स्लायडर ओढून ती झाकताय. बऱ्याच साउंड कार्डांमध्ये बूस्ट कन्व्हर्टरच्या आधी बसतो, आणि बाकीचे स्लायडर कधी आधी, कधी नंतर. म्हणून पहिलं काम म्हणजे बूस्ट शून्यावर आणणे.

बूस्ट काढला की आवाज कमी येणार. मग काय करायचं? माइक जवळ न्या! इतकं साधं, पण मला दुसऱ्या दिवशी सुचलं. माणूस आणि माइक यातलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डीबीने वाढतो. माझा माइक आजीपासून चार फुटांवर होता. तो एक फुटावर आणला, म्हणजे दोनदा निम्मा केला, की १२ डीबी फुकट. आणि गंमत अशी की खोलीचा भोंगा मात्र तेवढाच राहतो, कारण तो सगळीकडून येतो. बूस्ट वाढवला तर आजी आणि भोंगा दोघंही वाढतात. माइक जवळ नेला तर आजी एकटीच वाढते. कागदावर मांडून पाहा: १२ मिळवले, बूस्टचे ३० वजा केले, आजी आधीपेक्षा १८ डीबीने खाली आली. फाटणं बंद. भोंगा मात्र पूर्ण ३० ने खाली. म्हणजे आजी आणि भोंगा यातलं अंतर १२ डीबीने सुधारलं, एक पैसा खर्च न करता. व्हायवात हे कुणी विचारलं नाही, म्हणून कळलंही नाही.

जुन्या कॅसेटवरून गाणी कॉम्प्युटरवर घेणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच देऊन टाकतो. टेपरेकॉर्डरची वायर गुलाबी जॅकमध्ये घालू नका. गुलाबी जॅक माइकचा, त्याला काही मिलिव्होल्टची अपेक्षा असते. टेपचा लाइन आउट त्याच्या शंभर पटीच्या घरात असतो. तो निळ्या, म्हणजे लाइन-इन जॅकमध्ये जातो. लॅपटॉपला निळा जॅक बहुधा नसतोच, मग लाइन-इन असलेला यूएसबी साउंड अडॅप्टर घ्यावा लागतो.

आता भोंग्याकडे वळू. नॉइज म्हणजे एकच भूत नाही. एक हवेतून माइकमध्ये येतो: पंखा, कूलर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर. एक वायरीतून आणि विजेतून येतो. आणि एक साउंड कार्डाच्या पोटातलाच असतो. तिघांवर उपाय वेगळे, म्हणून आधी ओळख परेड. माइक काढून रिकाम्या जॅकवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. तरीही आवाज येतोय? मग दोष मशीनमध्ये. डेस्कटॉप असेल तर पुढचा जॅक सोडून मागचा वापरा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून हार्ड डिस्क आणि पॉवर सप्लायच्या शेजारून जाते. आमच्या होस्टेलच्या पीसीवर माउस हलवला की रेकॉर्डिंगमध्ये चिरचिर यायची, ती यामुळेच. तेवढ्याने भागलं नाही तर यूएसबीवाला माइक, कारण त्यात कन्व्हर्टर कॅबिनेटच्या बाहेर असतो.

माझ्याकडे रिकामा जॅक जवळजवळ शांत होता. मग माइक लावून गोधडीत गुंडाळला. हवेतून येणारा आवाज असता तर बराच दबला असता. भोंगा जसाच्या तसा! म्हणजे हा गडी विजेचा.

मग तो नेमका कोण हे बघायला ऑडॅसिटी उघडलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी सुरू केलं आणि २००० साली बाहेर आणलं. त्यात प्लॉट स्पेक्ट्रम नावाची सोय आहे, म्हणजे आपल्या सिग्नल्सच्या पेपरातला एफएफटी. साइझ मात्र मोठी निवडा. ४४१०० ला ४०९६ ने भागलं तर एक खण जवळपास ११ हर्ट्झचा येतो, त्यात ५० आणि ६० नीट वेगळे दिसत नाहीत. १६३८४ घेतलं की खण २.७ हर्ट्झचा होतो आणि शिखरं सुटी दिसतात. मला ५०, १००, १५०, २०० अशी शिडीच दिसली. आपल्या देशातली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा चोर घरचाच. (अमेरिकन लेख वाचून ६० हर्ट्झवर फिल्टर लावणारे एक मित्र आमच्या वर्गात आहेत. त्यांच्याकडे ६० ची वीज, आपल्याकडे ५० ची. साहेब दोन तास फिल्टर लावत होते आणि भोंगा ढिम्म हलत नव्हता.)

मग चार्जर काढला, आणि काय आश्चर्य, लॅपटॉप बॅटरीवर जाताच भोंगा तीन चतुर्थांश गायब! कारण असं: चार्जरमध्ये गडबड दाबणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडा करंट लॅपटॉपच्या ग्राउंडकडे झिरपतो. तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन त्याला जमिनीत वाट देते. ती वाट नसेल तर लॅपटॉपचं सगळं ग्राउंडच विजेबरोबर हलत राहतं. काही वेळा लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं ना, तेच ते. आमच्या घरचं एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचं होतं आणि प्लगची जाड पिन कुणीतरी कापून टाकलेली. ते बदललं. तेवढ्यावर भागलं नाही, कारण भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची वायर होती, पण बाहेरच्या खड्ड्यातली पट्टी गंजून तुटलेली. आपला खारपाणपट्टा! माती खारी, म्हणून अर्थिंग छान मिळायला हवं, आणि त्याच खारेपणानं लोखंड खाल्लं जातं. वायरमनकाकांनी नवीन बसवून दिलं. आवाजासाठी नाही, तर शॉक लागून कुणी जाऊ नये म्हणून तरी हे एकदा घरी तपासा. आणि कुठल्याही परिस्थितीत भोंगा घालवायला अर्थची पिन कापू नका. असा सल्ला देणारे भेटतात.

उरलेला पाव हिस्सा? ट्यूबचा जुना चोक. त्याची गुणगुण १०० हर्ट्झची, कारण चुंबकाची ओढ दर सायकलला दोनदा येते. शिवाय पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो प्रत्येक सायकलचा तुकडा कापतो, त्यातून तिखट गुंजन निघतं. दोन्ही बंद केले. तेवढ्यात लाइन गेली. मी म्हटलं, वा, आता आदर्श शांतता! तर इन्व्हर्टर चालू झाला. साध्या इन्व्हर्टरची वेव्ह साइन नसते, चौकोनी पायऱ्यांची असते, आणि त्यातले हार्मोनिक्स पार वरपर्यंत जातात. बहुतेक उन्हाळी मुंजी-लग्नांच्या शूटिंगमध्ये मागे जी मधमाशी ऐकू येते ती हीच. इन्व्हर्टरही बंद केला. अंधार, बॅटरीवरचा लॅपटॉप आणि वेव्हफॉर्मची सरळ रेषा. इतकी सुंदर सरळ रेषा मी ड्रॉइंग हॉलमध्येसुद्धा काढलेली नाही.

विंडोजमध्ये आणखी एक छुपा शत्रू असतो. माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये एन्हान्समेंट्स नावाखाली नॉइज सप्रेशन आणि ऑटोमॅटिक गेन वगैरे असतं. हे फोनवर बोलण्यासाठी ठीक. ओवीला घातक. आजी दोन ओळींमध्ये श्वास घ्यायला थांबली की ऑटोमॅटिक गेनला वाटतं आवाज कमी झाला, आणि तो खोलीचा सुसुकार वर खेचतो. ती गायला लागली की पुन्हा दाबतो. सगळी फाइल दमेकऱ्यासारखी श्वास घेते. ते सगळं बंद करा.

आणि आता मला सगळ्यात जास्त छळलेला प्रश्न. जात्याची घरघर हा नॉइज आहे का?

मी इंजिनिअर होणार ना, म्हणून मला वाटलं, अर्थातच. आजीला म्हटलं, जातं न फिरवता नुसतं गा. आजी दोन ओळी म्हणाली आणि अडकली. "जात्याबिगर कसं सुचन रे?" हात फिरला की ओवी येते, हात थांबला की ओवी थांबते. पुण्याच्या गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखभर ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि २०१७ पासून पारी या संकेतस्थळावर ते ऐकायला मिळतं. मी ऐकलं. सिग्नल काय आणि नॉइज काय हे स्पेक्ट्रम सांगत नाही. ते आपण ठरवायचं असतं. जातं ठेवायचं ठरवलं.

पण जातं आजीच्या डोक्यावर बसता कामा नये. माइक जमिनीवर ठेवला तर फरशीतून धडधड थेट आत येते. लुगड्याला लावून पाहिला, तर पदराची सळसळ आणि बांगड्यांची किणकिण आजीपेक्षा मोठी. शेवटी छताला पाळण्याची जुनी कडी होती, तिला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून माइक लोंबता सोडला, आजीच्या तोंडापासून एक फुटावर, थोडा बाजूला. थेट समोर धरला की प, फ, भ ला वाऱ्याचा धक्का बसतो. लोंबत्या माइकला जमिनीची धडधड पोचेना, आणि जातं माइकपासून दोन-अडीच फूट लांब राहिलं.

सॉफ्टवेअरचं काम शेवटी, आणि थोडंसंच. आजीला बसवून, जातं थांबवून, कुणी न बोलता दहा सेकंद नुसती खोली रेकॉर्ड केली. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला हा नमुना लागतो. तो दाखवला की तेवढ्याच फ्रिक्वेन्सीचा दबका आवाज सॉफ्टवेअर कमी करतं. मी ६ डीबी घेतले. मोह होतो २४ घेण्याचा, घेऊन पाहा एकदा: आजी विहिरीतून आणि तीही पत्र्याच्या नळीतून बोलल्यासारखी येते. उरलेल्या शिडीसाठी ५० आणि १०० वर अरुंद नॉच फिल्टर पुरतो. त्याच्या वरच्या पायऱ्यांना हात लावायचा तर जपून, तिथे आवाजाचा स्वतःचा जीव असतो. सगळ्यात शेवटी नॉर्मलाइझ करून उणे १ डीबीपर्यंत वर आणा. हे सगळं कॉपीवर करा. मूळ वेव्ह फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवा, एमपीथ्री करून मूळ पुसू नका. मोनो १६ बिटला मिनिटाला सव्वापाच एमबी लागतात, तासाला सव्वातीनशेच्या आत. एका सिनेमाहून कमी जागा.

दुसरं रेकॉर्डिंग चार दिवसांनी झालं. आजी रिकामं जातं फिरवायला तयार नव्हती, दगड दगडावर घासतो म्हणे, म्हणून पसाभर ज्वारी घातली. वीस मिनिटांत दमली. मीटर उणे दहाच्या वर गेलं नाही. रात्री हेडफोन लावून दिला, तर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "हे माह्या मायसारखी आहे."

मात्र पहिल्या दिवशीच्या काही ओव्या दुसऱ्यांदा आल्याच नाहीत. मी सुरुवात करून दिली, तरी तिला पुढचं आठवेना. त्यातल्या चार ओव्या आता त्या फाटक्या फाइलमध्येच आहेत. ऑडॅसिटीमध्ये क्लिप फिक्स म्हणून एक सोय आहे. ती सपाट माथ्याच्या आजूबाजूचा चढउतार पाहून वरचा गोल अंदाजाने भरते. तीन ओव्यांचे शब्द त्याने लागले. चौथीत मामाच्या गावाचं नाव येतं, ते नेमकं सगळ्यात उंच सुरात आहे. दर सुटीत एकदा ती ओळ लावून ऐकतो. आजी म्हणते येवदा असेल, बाबा म्हणतात अंजनगाव.